बेचाळीस नावं आणि एक हुरडा

पत्र (थोडक्यात) : सर, मी कराडला एस.वाय.बी.कॉम.ला आहे. वडिलांचं कापडाचं दुकान आहे. गेल्या दहा महिन्यांत मी ४३ डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, पुढे विकायला म्हणून घेतली. त्यातलं हुरडा पार्टीशी जुळणारं एक डॉट कॉम डिसेंबरात २२,००० रुपयांना गेलं. घेतलं होतं ८५० ला. तीस-पस्तीस कृषी पर्यटन केंद्रांना मेल टाकले होते, एकाचा फोन आला, ते तेव्हा फ्लेक्स छापायला टाकत होते. आता कॉलेज सोडून पूर्ण वेळ हेच करावं म्हणतो. आत्या दीड लाख द्यायला तयार आहे, त्यात आणखी शंभर-सव्वाशे नावं येतील. २५ हजारांचा एक ऑनलाइन कोर्सही आहे. वडील म्हणतात, न दिसणाऱ्या वस्तूत पैसे घालणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच. काय करू?

उत्तर : पत्रासोबत तू नावांची यादी जोडलीस ते फार बरं केलंस. त्यामुळे मला अंदाजपंचे बोलावं लागणार नाही. आधी हिशेब करू, कारण बी.कॉम.च्या मुलाने तीन पानी पत्रात तो एकदाही मांडलेला नाही याचं मला नवल वाटलं.

तुझी १९ डॉट कॉम, सरासरी ८५० रुपयांनी : १६,१५०. नऊ डॉट इन, पाचशेने : ४,५००. उरलेली पंधरा ती ९९ आणि १९९ रुपयांच्या ऑफरमधली, डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर वगैरे : साधारण २,२५०. एकूण गुंतवणूक २२,९००. विक्री २२,०००, त्यातून तू लिहिलेलं १५ टक्के कमिशन वजा जाता हातात आले १८,७००. म्हणजे आज तू ४,२०० रुपये आत आहेस. हे काही फार नाही, शिकवणीची फी समज. खरं दुखणं दोन महिन्यांनी सुरू होतं, पहिली रिन्यूअल, म्हणजे नावं पुढच्या वर्षी ठेवण्याची बिलं, यायला लागतील तेव्हा. १८ डॉट कॉम साडेबाराशेने २२,५००. नऊ डॉट इन साडेआठशेने ७,६५०. आणि ती ९९ वाली पंधरा? त्यांचं दुसऱ्या वर्षाचं भाडं सरासरी दोन हजार धरलं तरी ३०,०००. बेरीज ६०,१५०. सगळ्यात स्वस्त म्हणून घेतलेल्या मालाने निम्मं बिल खाल्लं.

या धंद्यातला पहिला धडा हाच, आणि तो बहुतेकांना रिन्यूअलचा मेल आल्यावरच कळतो. डोमेन विकत मिळत नाही, ते वर्षाच्या भाड्याने मिळतं. डॉट कॉमची घाऊक किंमत ते सांभाळणारी व्हेरिसाइन कंपनी लावते; सप्टेंबर २०२४ मध्ये ती वर्षाला १०.२६ डॉलर झाली. तुला ते ८५० ला मिळालं म्हणजे रजिस्ट्रारने, नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीने, पहिल्या वर्षी जवळपास पदरमोड केली; ती तो दुसऱ्या वर्षापासून वसूल करणार.

आता दुसरा आकडा. मुरलेले लोकसुद्धा वर्षाला शंभर नावांमागे एक-दोन विकली जातील असंच धरून चालतात. तुझ्याकडे उरली बेचाळीस. म्हणजे वर्षाला एक विक्रीसुद्धा हिशेबात बसत नाही. ती एक झाली, आणि वीस हजारांना झाली, तरी साठ हजारांचं भाडं कुठून भरायचं? आत्याच्या दीड लाखातून? मग आत्या तुझी भागीदार नाही, तुझी भाडेकरू झाली. तेही रिकाम्या घराची.

वडिलांचं वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलंयस. मला वाटतं, कराडमध्ये हा धंदा समजणारा माणूस तुझ्या घरातच आहे. दिवाळीनंतर कपाटात राहिलेल्या, फॅशन गेलेल्या ड्रेस मटेरियलचं काय करायचं, कुठला माल मुद्दलात काढायचा, कुठला पुढच्या लग्नसराईपर्यंत थांबवायचा, भाव विचारून निघालेल्या गिऱ्हाइकाला दारातून परत कसं बोलवायचं, हे ते रोज करतात. न दिसणारी वस्तू हा त्यांचा आक्षेप बाजूला ठेव. त्यांना फक्त यादी दाखव आणि विचार, यातलं पडून राहिलेलं कुठलं? मला खात्री आहे, दहा मिनिटांत ते पंधरा नावांवर काट मारतील, आणि ती बहुधा तीच पंधरा असतील.

आता तुझ्या एका विक्रीकडे बघू. पत्रात तिला एकच ओळ मिळाली आहे, आणि सगळ्या पत्रात तीच ओळ सोन्याची आहे. तू नाव घेतलंस, मग ते कुणाच्या कामाचं आहे याची यादी काढलीस, त्यांना मेल टाकले, आणि त्यांच्या हंगामात टाकले. हुरड्याचं नाव जूनमध्ये कुणी घेतलं नसतं. फ्लेक्स छापायला जाण्याच्या आधल्या दिवशी तू पोचलास. उरलेल्या बेचाळीसपैकी किती नावांसाठी अशी यादी काढलीस? यादी वाचून मला तरी वाटतं, एकासाठीही नाही. ती तू मार्केटप्लेसवर, नावं विकायच्या साइटवर, टांगून ठेवली आहेस आणि वाट बघतोयस. काही नावांपुढे तू रजिस्ट्रारच्या साइटवरचा 'अंदाजे किंमत १,४०० डॉलर' असा आकडाही लिहिलायस. तो आकडा विसर. तुला नाव विकणाऱ्यानेच लावलेली ती किंमत आहे. सोनाराने स्वतःच्या दागिन्याला फार सुंदर म्हणावं, तसंच.

नावं निवडण्यातली एक अडचण खास आपल्या भाषेची आहे, आणि ती परदेशी व्हिडिओंत तुला कुणी सांगणार नाही. तुझ्या यादीत 'वाडा' असलेली चार नावं आहेत. रोमनमध्ये वाडा आणि वडा एकच होतो! व्ही घ्यायचा की डब्ल्यू, हा प्रश्न वेगळाच. पहिल्या अक्षरात एक ए की दोन? दोन ए घातले तर कुणी तसं टाइप करत नाही, एक घातला तर लोक पर्यटनाऐवजी वडापाव शोधतात. माझी एक सोपी परीक्षा आहे. आत्याला फोन कर, नाव एकदाच उच्चार आणि व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायला सांग. तिने पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलं तर नाव ठेव. हुरडा टिकला तो त्याचमुळे. त्याची दुसरी स्पेलिंग लोकांच्या डोक्यात फारशी येत नाही.

'मग देवनागरीतच नावं घेऊ का' असं तू शेवटी विचारलंयस. डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, देवनागरीतून मराठी-कोकणीतली नावं त्यात घेता येतात. मला मनापासून आवडतं ते. पण गिऱ्हाईक मोबाइलवर रोमनमध्येच टाइप करतं, आणि असा ईमेल पत्ता अजूनही बऱ्याच फॉर्मांत चालत नाही. स्वतःसाठी एक हौसेने घे. विकायला वीस नकोत.

यादीतली दोन नावं मात्र आजच सोडायची आहेत. एकात दोन मोठ्या कंपन्यांची नावं जोडलेली आहेत, दुसरं एका प्रसिद्ध शॉपिंग साइटच्या नावातलं एक अक्षर बदलून केलंय. ऑक्टोबर २०२४ मधलं जिओहॉटस्टारचं प्रकरण तुझ्या डोळ्यांसमोर असणार. दिल्लीच्या एका डेव्हलपरने दोन ब्रँड एकत्र येतील हा अंदाज बांधून ते डॉट कॉम आधीच घेतलं आणि रिलायन्सकडे स्वतःच्या केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. नकार आला, वर कायदेशीर कारवाईची भाषा. पुढे ते नाव दुबईतल्या भाऊ-बहिणीकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं. बातमी झाली, पण रिलायन्सकडून केंब्रिजची फी काही मिळाली नाही.

अक्षर बदलण्याची चलाखी तर फार जुनी. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ' या वेबसाइटने 'रॅडिफ' नावाविरुद्ध दाद मागितली आणि न्यायालयाने ते नाव वापरायला मनाई केली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं. डॉट कॉमसाठी १९९९ पासून यूडीआरपी ही आंतरराष्ट्रीय तंटा-पद्धत आहे. त्यात तीन गोष्टी बघतात : नाव कुणाच्या ट्रेडमार्कशी गोंधळ होईल इतकं मिळतंजुळतं आहे का, तुझा त्यावर काही न्याय्य हक्क आहे का, आणि ते वाईट हेतूने घेतलं-वापरलं का. ट्रेडमार्कच्या मालकालाच चढ्या भावाने विकायला घेतलं, हा वाईट हेतूचा पुरावा धरतात. म्हणजे 'तुमच्या ब्रँडचं नाव माझ्याकडे आहे, किती देता' असा मेल तू पाठवलास तर तो तुझ्याविरुद्धचा पहिला कागद असेल. पाठवला नसशील तर पाठवू नकोस. इथून पुढे नाव घेण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी साइटवर शोध घे, फुकट आहे. आणि कुणीतरी सोडलेलं जुनं नाव घेताना त्यावर पूर्वी काय होतं ते जुनी वेबपानं साठवणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर बघ. जुगाराची साइट होऊन गेलेलं नाव शाळेला विकायला गेलास तर पंचाईत.

फसवणुकीचं थोडक्यात. 'तुमचं नाव ३,००० डॉलरला घेतो, फक्त अमुक साइटवरून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणा' असा मेल येईल. प्रमाणपत्राची फी भरलीस की गिऱ्हाईक गायब. नाव दुसऱ्याच्या खात्यावर नेण्याचा ट्रान्सफरचा कोड पैसे सुरक्षित झाल्याशिवाय कुणालाही द्यायचा नाही, एस्क्रोमार्फतच, म्हणजे पैसे मधल्या तिसऱ्याकडे ठेवूनच, व्यवहार करायचा. २५ हजारांच्या कोर्सबद्दल : शिकवणाऱ्याला विचार, गेल्या वर्षी नावं विकून किती मिळाले आणि कोर्स विकून किती. उत्तर टाळलं तर ते उत्तरच आहे.

आता कॉलेज. सोडू नकोस. 'पदवी हवीच' या पालकी सुरात मी हे म्हणत नाहीये, त्याला नेमकं कारण आहे. या सगळ्या प्रकरणात तुला गोडी कशाची लागली आहे? पत्र वाचून मला वाटतं, नावाची आणि त्याच्या हक्काची. आपल्याकडे ट्रेडमार्क एजंट, म्हणजे इतरांच्या ट्रेडमार्कची कामं करणारा, म्हणून नोंदणी होते. त्याला वकील असावं लागत नाही. भारतीय नागरिक, वय २१ पूर्ण, कुठल्याही शाखेची पदवी, आणि ट्रेडमार्क रजिस्ट्रीची परीक्षा उत्तीर्ण. ही परीक्षा दरवर्षी ठरल्या तारखेला होईलच असं नाही, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं. रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय मुंबईतच, अँटॉप हिलला आहे. बी.कॉम. अर्धवट सोडलंस तर या दाराला हातही लावता येणार नाही. पुढे एलएल.बी. किंवा सी.एस. (कंपनी सेक्रेटरी) करून बौद्धिक संपदेकडे वळता येतं, तेही पदवीनंतर सोपं.

दुसरं काम तुझ्या गावातच पडलंय. ते कळावं म्हणून माझी फजिती सांगतो. माझी साइट २०१४ मध्ये एका होतकरू मुलाने करून दिली. डोमेन त्याने स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ईमेलने घेतलं. पुढे तो बंगळुरूला नोकरीला गेला, तो ईमेल उघडायचं त्याने सोडून दिलं. रिन्यूअलच्या आठवणी सगळ्या तिकडेच गेल्या. एके दिवशी एका पालकांचा फोन आला, 'सर, तुमच्या साइटवर भलत्याच जाहिराती दिसतायत.' मुदत संपून महिना होऊन गेला होता. नाव पुरतं हातून जाण्याआधी सोडवून घेण्याची ३० दिवसांची मुदत असते, तिच्यात मी कसाबसा बसलो, पण नेहमीच्या सात-आठ पट पैसे मोजले. आणि खातं माझं नसल्यामुळे त्या मुलाला शोधून काढण्यात गेलेले चार दिवस वेगळेच. तोवर पाकिटात व्हिजिटिंग कार्डं होती, पण त्यावरचा पत्ता मी कुणाला दाखवू शकत नव्हतो.

कराडमधले डॉक्टर, क्लासवाले, हॉटेलं, मंगल कार्यालयं यांच्यापैकी कितीजणांना माहीत आहे की त्यांचं डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि कधी संपतं? ते शोधणं, मालकाच्या खात्यावर आणणं, तारखा सांभाळणं, यासाठी लोक वर्षाला ठरावीक पैसे देतात, आणि त्या माणसाला सहसा बदलत नाहीत. परीक्षा सांभाळून पंधरा गिऱ्हाइकं करता येतील. आत्याचे पैसेही लागणार नाहीत.

तर यादीवर मी पेन्सिलने खुणा करून परत पाठवतोय. ब्रँडवाली दोन आज सोड. ऑफरची पंधरा तशीच संपू दे, ऑटो-रिन्यू मात्र बंद कर, नाहीतर कार्डातून पैसे कापले जातील. ब्रँडवाल्या दोनपैकी एक त्याच पंधरांत आहे, म्हणजे उरतात सव्वीस. त्यातली चार 'वाडा', ती आत्याच्या परीक्षेला बसव. बाकीच्या बावीसांपुढे प्रत्येकी दहा गिऱ्हाइकांची नावं लिही. जिथे दहा सुचत नाहीत ते नाव सोड. माझ्या अंदाजाने सहा-सात उरतील. ती वही वडिलांना दाखव आणि मग मला पाठव.

आणि त्या हुरडावाल्यांना एक फोन कर. डोमेन त्यांच्याच खात्यावर, त्यांच्याच ईमेलवर घेतलंय ना, एवढं विचार.