सहा जण आणि चार जागा

तुझ्या लांबलचक प्रश्नाचा गाभा असा: चोपड्याजवळच्या एकाच गावातले तुम्ही सहा मित्र, बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळता, त्यातले दोघे कामाला सुरतला. हल्ली रोज रात्री शिवीगाळ होते, एकाने ग्रुप सोडला, आणि जो सगळ्यात भारी खेळतो तोच सगळ्यात जास्त ओरडतो. त्याला काढावं का?

काढू नको. निदान आत्ता तरी नको. तो गेला की आठ दिवस शांत जातील आणि मग दुसरा कोणीतरी ओरडायला लागेल. तुम्ही सहा आहात आणि स्क्वॉड, म्हणजे एका मॅचमधली टीम, चौघांचं. म्हणजे रोज दोघं बाहेर बसणारच. पण आज कोण बसणार, हे तुमच्यात ठरतं कसं? लॉबीत, म्हणजे मॅचआधी जिथे जमता तिथे, आधी आला तो आत, नाहीतर त्या भारी खेळणाऱ्याने ज्याला इन्व्हाइट टाकली तो आत. यावर तोंडावर कोणी बोलत नाही. मग तोच राग नकाशावरच्या पोचिंकी गावात उतरल्यावर 'माझा फोर एक्स (बंदुकीची दुर्बीण) का उचलला' म्हणून बाहेर निघतो. फोर एक्सवरून कोणी ग्रुप सोडतो का रे?

म्हणून आधी वार वाटून घ्या. आणि ते वाटताना प्रत्येकाच्या घरचं बघा. तू लिहिलंयस की एक जण 'मॅच अर्धवट टाकून पळतो'. त्याच्या घरी केळी आहे ना? शेतीची थ्री फेज ज्या आठवड्यात रात्रीची असते, तेव्हा मोटार चालू करायला तोच जाणार, त्याचा बाप नाही. इकडे तिघं झोनबाहेर, म्हणजे आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळाबाहेर, अडकून त्याच्या नावाने बोंब मारतात, तिकडे तो वाफ्यात पाणी बघतोय. रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात त्याला बाहेर ठेवा, दिवसाच्या लाइटला त्याचे वार वाढवा. सुरतवाल्यांचंही तसंच, त्यांची शिफ्ट विचारून घ्या. असल्या वाटणीला कोणी हसलं तर सांग, १९९९ साली आलेल्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन गेममध्ये मोठ्या टोळ्यांपुढे असाच वाटणीचा प्रश्न होता. ड्रॅगन मारायला डझनावारी माणसं, हाती लागणार वस्तू मोजक्या. शेवटी खेळणाऱ्यांनीच हजेरीचे गुण मांडून त्यावर वाटणी करायला सुरुवात केली, आणि ती पद्धत पुढे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममध्येही गेली.

आता ओरडण्याचं. एका रात्रीचं स्क्रीन रेकॉर्डिंग माइकसकट करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. बहुतेक हेच ऐकू येईल: 'तठे शे, तठे शे (तिथे आहे)! मार ना भो!' तिघांच्या स्क्रीन तीन दिशांना, त्यामुळे तिघं तीन ठिकाणी बघतात, चौथा नॉक होतो, म्हणजे गोळी लागून खाली पडतो, आणि मग आई-बहीण सुरू. वर होकायंत्राची पट्टी आहे, तिच्यावरचा आकडा सांगायचा. 'दोनशे चाळीस, लाल छप्पर, वरच्या खिडकीत एक.' बस. नकाशावर मार्करची खूण टाकली तर तेवढंही बोलावं लागत नाही. २०१९ साली एपेक्स लेजेंड्स या गेमने पिंगची, म्हणजे बटण दाबून खूण दाखवायची, सोय इतकी नीट बसवली की माइक न लावता अनोळखी माणसंसुद्धा एकत्र खेळू लागली.

आणि एक नियम आजपासूनच: मेला त्याने माइक बंद करायचा. अर्धी भांडणं मेलेल्यांच्या तोंडून सुरू होतात असं माझं पक्कं मत आहे. त्याला दुसरं काम नसतं. तो जिवंत असलेल्याच्या स्क्रीनवर बसून 'उजवीकडे बघ, अरे उजवीकडे' करत राहतो, आणि खेळणाऱ्याला शत्रूच्या पावलांचा आवाजच येत नाही. नॉक झालेल्याने फक्त मारणारा कुठे आहे ते सांगायचं. पडलेल्याला उचलून उभं करायला दहाएक सेकंद लागतात, तेवढा वेळ 'ये ना, ये ना' केल्याने कोणी लवकर येत नाही.

भारी खेळणाऱ्याला आयजीएल, म्हणजे मॅचमध्ये हुकूम देणारा, करू नका. त्याचा डोळा स्कोपला लागलेला असतो, नकाशा त्याला दिसतच नाही. तुमच्यात जो कमी बोलतो आणि झोन कुठे सरकणार ते आधी ओळखतो, त्याचा शब्द शेवटचा. तो चुकला तरी मॅच संपेपर्यंत वाद नाही. ज्याचं नेटवर्क गचाळ, पिंग (नेटला लागणारा उशीर) दोनशेच्या वर, त्याला रशला, म्हणजे शत्रूवर चाल करायला, पुढे पाठवू नका. त्याला मागून कव्हर द्यायला ठेवा. त्याच्यावर चिडून टॉवर जवळ येणार नाही.

रिचर्ड बार्टल नावाच्या अभ्यासकाने १९९६ साली अशा खेळातल्या माणसांचे चार प्रकार मांडले: काहीतरी कमवायला येणारे, जग हिंडायला येणारे, गप्पांना येणारे आणि दुसऱ्याला ठोकायला येणारे. तुमचा भारी पोरगा क्राउन रँकवरून वरच्या एस रँकला जायला येतो. सुरतवाले दिवसभर यंत्रावर उभे राहून गावच्या पोरांचा आवाज ऐकायला येतात. दोघांचंही बरोबर आहे, पण एकाच मॅचमध्ये दोघांना बसवलं की एकाला दुसरा टाइमपास वाटतो आणि दुसऱ्याला पहिला मास्तर. आठवड्यातल्या दोन रात्री रँकच्या ठेवा, तेव्हा गप्पा नाहीत. बाकी रात्री रँक नसलेली क्लासिक मॅच, टीडीएम (छोटी टीम विरुद्ध टीम लढाई), काय हवं ते. सप्टेंबर २०२० मध्ये बीजीएमआयच्या आधीची पबजी भारतात बंद झाली तेव्हा आमच्याकडचे नुसत्या रँकवर जमलेले ग्रुप पार उधळले. जे दुसऱ्या गेमवर का होईना रात्री जमत राहिले, ते जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आली तेव्हा तसेच परत उतरले. २०२२ मध्ये तीही स्टोअरवरून गेली आणि २०२३ च्या मे महिन्यात परतली, तेव्हाही तेच.

तालुक्यातली पोरं जमवून क्लॅन, म्हणजे गेममधलं मोठं मंडळ, काढायचा विचार तू शेवटी लिहिलायस. काढ, पण माणसं काढून टाकायचा अधिकार सगळ्यांना वाटू नको. ईव्ह ऑनलाइन या गेममध्ये २००९ च्या फेब्रुवारीत बँड ऑफ ब्रदर्स ही बलाढ्य आघाडी आतल्याच एका अधिकार असलेल्या माणसाने फितूर होऊन बसल्या जागी विसर्जित करून टाकली. तुमच्याकडे एवढं राजकारण नसेल. रात्री दोनला रागाच्या भरात एकाने बटण दाबलं तरी पुरे.

महिनाभर हे करून बघा. त्यानंतरही तो भारी खेळणारा गचाळ नेटवर्कवाल्यावरच तुटून पडत असेल तर मग खुशाल काढ, आणि ते ग्रुपवर नाही, समोर बसून सांग. सोडून गेलेल्याला आजच फोन लाव. मेसेज नको, सगळे वाचतील आणि तो अडून बसेल. त्याला आधी त्याचे वार विचार, मग बाकीच्यांचे वाट.