टेबल सॉचं (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीचं) ब्लेड ४५ अंशांपर्यंतच झुकतं; मग १८ मिमी जाड, अडीच मीटर लांब पट्टीच्या कडेला ६० अंशांचा तिरका काप कसा घ्यायचा?

ब्लेड आणखी झुकवायच्या मागे लागू नका, लाकूड उभं करा. रुंद बाजू फेन्सला (ब्लेडला समांतर असलेल्या, लाकूड टेकवायच्या आडकाठीला) टेकवून लाकूड कडेवर उभं केलं की कोन उलटा मोजला जातो. ९० वजा ६०, म्हणजे ब्लेड फक्त ३० अंश झुकवायचं. ५२.५ हवा असेल तर ३७.५. सुरू करण्याआधी मात्र कडेची आकृती कागदावर काढा. सॉवरचा शून्य म्हणजे ब्लेड टेबलाला काटकोनात, त्यामुळे तुमचा ६० चा काप घेतल्यावर उरणारं टोक ३० अंशांचं असेल. नक्की तेच हवंय ना, हे लाकूड कापल्यावर नव्हे, आधी बघायचं.

तुम्ही सांगितलेल्या १८ मिमी जाडीत कापाचा उतार ३६ मिमी रुंद होतो आणि ब्लेड टेबलाच्या वर ३१-३२ मिमी यावं लागतं. १० इंची ब्लेडला हे अगदी सहज जमतं. अडचण ब्लेडची नाहीच. अडीच मीटर लांबीची अरुंद पट्टी कडेवर उभी धरून सरळ ढकलणं, ही खरी अडचण आहे.

म्हणून माझा आग्रह असा की पट्टी आधी कापूच नका. १००-१५० मिमी रुंद फळी घ्या, तिच्या कडेला तिरका काप घ्या आणि मग तेवढी पट्टी चिरून वेगळी करा. पुढच्या पट्टीसाठी उरलेल्या फळीच्या कडेला पुन्हा तसाच काप. चिरताना तिरकी कड फेन्सकडे येऊ देऊ नका. ती धार फेन्सखालच्या फटीत शिरते, फळी वाकडी होते आणि तिथेच किकबॅक बसतो, म्हणजे लाकूड जोरात मागे फेकलं जातं. सरळ कड फेन्सला, तिरकी कड बाहेर.

आता मांडणी. फेन्सला सरळ प्लायवूडची उंच पाठ बोल्टने बसवा. फळीच्या उंचीएवढी असली तर उत्तम. ब्लेड नेहमी फेन्सपासून दूर झुकलेलं हवं. डावीकडे झुकणाऱ्या सॉवर फेन्स उजवीकडे, उजवीकडे झुकणाऱ्यावर डावीकडे. यात तडजोड नको, कारण उलट केलं तर कापलेला पाचरीसारखा तुकडा ब्लेड आणि फेन्समध्ये अडकतो आणि मागे तुमच्या अंगावर येतो. बरोबर मांडणीत तो बाहेरच्या बाजूला मोकळा पडतो. ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

या कापात ब्लेडवरचं गार्ड बहुधा बसत नाही. रायव्हिंग नाइफ (ब्लेडच्या मागे उभी, चीर मिटू न देणारी पत्ती) मात्र काढू नका. फळीला फेन्सवर दाबणारा फेदरबोर्ड (लवचीक दात्यांची फळी) ब्लेडच्या अलीकडे लावा, तोही ठोकळ्यावर चढवून, म्हणजे दाब कापाच्या रेषेच्या वर पडतो. सुटणाऱ्या तुकड्यावर दाब अजिबात नको.

टोक अगदी धारदार करायचं असेल तर आणखी एक गोष्ट लागते. काप पुढे सरकतो तसा फळीचा खालचा आधार संपत जातो आणि ती ब्लेडभोवतीच्या फटीत खचते. यावर दोन उपाय आहेत. ब्लेडभोवती टेबलात बसणाऱ्या प्लेटच्या जागी ब्लेडने स्वतःच चीर पाडलेली लाकडी प्लेट बसवा, आणि फळीच्या वरच्या भागाला एक सरळ दांडा क्लॅम्प करा, जो पाठीच्या वरच्या कडेवर बसून सरकेल. मग फळीचं वजन दांड्यावर येतं आणि काप शेवटपर्यंत एका पातळीत राहतो. मी स्वतः धारेला १ मिमी सपाट ठेवतो आणि शेवटी तेवढा रंध्याने काढतो. त्यात धारेचे टवके उडत नाहीत.

काप एका दमात घेऊ नका. पहिल्यांदा २ मिमी राखून, दुसऱ्यांदा बारीक. पहिल्या कापानंतर लाकडातला ताण सुटून फळी थोडी वाकू शकते; दुसरा काप ते सावरतो, आणि जळल्याचे डागही कमी पडतात. सॉच्या अलीकडे आणि पलीकडे टेबलाच्या उंचीचे आधार हवेतच. पुढे गेलेलं टोक खाली लोंबलं की मागचा भाग टेबलावरून उचलला जातो आणि उताराला पायरी पडते.

कोन मोजायला सॉवरच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका. डिजिटल कोनमापक टेबलावर शून्य करून ब्लेडला लावा. ३६ मिमीच्या उतारावर अर्ध्या अंशाची चूक सुमारे ०.३ मिमी फट देते, आणि असे दोन तुकडे जोडले की ती दुप्पट दिसते. त्याच जाडीच्या टाकाऊ लाकडाचे दोन तुकडे आधी कापा, जोडून उजेडासमोर धरा. आतल्या बाजूला उजेड दिसतो की बाहेरच्या, त्यावरून ब्लेड कुठे हलवायचं ते कळतं.

एखाददुसरीच पट्टी करायची असेल तर हा सगळा पसारा मी मांडत नाही. सॉवर ४५ चा काप घेतो, दोन्ही बाजूंना पेन्सिलीने रेषा आखतो आणि उरलेलं लाकूड रंध्याने रेषेपर्यंत आणतो.