इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टला चार दिवस चाललोय. मिशेलिन तारावाल्या रेस्टॉरंटवर पैसे घालावेत का? स्थानिक काय खावं?

तुम्ही चौघं, सप्टेंबर, गाडी नाही आणि एकजण शाकाहारी, हे धरून सांगतो. तारावालं जेवण एकदाच घ्या आणि शक्यतो दुपारी घ्या. दुपारचा मेनू बहुधा आटोपशीर असतो आणि पैसेही कमी लागतात. आधी टेबल मिळवा, मग मुक्काम ठरवा. बरेच जण उलट करतात आणि टेबल हुकतं.

लेक डिस्ट्रिक्ट ज्या परगण्यात येतं त्या कंब्रियात पहिलं नाव कार्टमेल गावच्या 'लाँक्लूम' या रेस्टॉरंटचं. शेफ सायमन रोगन यांनी 2002 मध्ये जुन्या लोहारशाळेत ते सुरू केलं. 2022 मध्ये तिसरा, म्हणजे मिशेलिनचा सर्वोच्च, तारा मिळाला. उत्तर इंग्लंडमध्ये तीन तारे मिळवणारं ते पहिलंच. भाज्या जवळच्या त्यांच्याच शेतावरून येतात, आणि माझ्या मते पैसे द्यायचे ते त्या भाज्यांसाठीच. शाकाहाराचं बुकिंग करतानाच कळवा, ऐनवेळी सांगून चालत नाही. आगाऊ भरलेले पैसे कधीपर्यंत परत मिळतात, तेही वाचून घ्या. बजेट कमी असेल तर त्याच गावात त्यांचंच एक तारा असलेलं 'रोगन अँड को' आहे.

पुण्याचे शेफ हृषिकेश देसाई याच परगण्यात नावारूपाला आले. 2024 मध्ये ब्रॅम्प्टनजवळच्या फार्लम हॉलमधल्या त्यांच्या 'सीडर ट्री'ला तारा मिळाला. पण ते पार उत्तरेला आहे. गाडी नसताना कार्टमेल आणि ब्रॅम्प्टन एका दिवसात बसवू नका.

लंडनहून रेल्वेने निघा, लँकेस्टरला गाडी बदलून ग्रेंज-ओव्हर-सँड्सला उतरा. तिथून कार्टमेलला जायची टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, स्टेशनबाहेर उभी मिळेल या भरवशावर राहू नका. सोमवार-मंगळवारी बरीच स्वयंपाकघरं बंद असतात. पबमध्ये दुपारी दोननंतर जेवण मिळेलच असं नाही.

आता गावचं खाणं. कंबरलँड सॉसेज म्हणजे भरड डुकराच्या मांसाचं, मिऱ्याचा झणका असलेलं लांबलचक वेटोळं. 2011 पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यात निदान 80 टक्के मांस लागतं. खाटकाकडून अख्खं वेटोळं घ्या. दोन काड्या आडव्या-उभ्या खुपसा, म्हणजे उलटताना ते सुटत नाही. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं परता. आच मोठी झाली की आवरण फुटतं, चरबी बाहेर पळते आणि आत कोरडा भुगा उरतो.

मटणात हर्डविक मेंढी मागा. डोंगरावर चरणारी ही जात सावकाश वाढते, म्हणून वर्षाच्या पुढचं, म्हणजे 'हॉगेट', जास्त चवीचं. सप्टेंबरमध्ये त्याच वर्षाच्या कोकराचा आग्रह धरू नका, ते शरद उलटताना चांगलं मिळतं. मुक्कामी स्वयंपाकघर असेल तर हाडासकट खांदा घ्या आणि झाकण ठेवून ओव्हनमध्ये 150 अंश सेल्सिअसवर चार तास ठेवा.

मोरकम उपसागराची बारीक तपकिरी कोळंबी जायपत्री घातलेल्या लोण्यात मुरवून वाटीत भरतात. तिथल्या फ्लुकबरो गावचे कोळी ओहोटीच्या वाळूत ट्रॅक्टर घालून ती धरतात. फ्रिजमधून काढून तशीच खाल्ली तर लोणी मेणासारखं लागतं. जरा कोमट करा, लोणी सुटायला लागलं की गरम टोस्टवर घ्या.

शाकाहारी माणसाची फसगत मात्र चिप्सपाशी, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडींपाशी, होते. उत्तरेत अनेक दुकानांत त्या गोमांसाच्या चरबीत तळतात, तेव्हा तेल कुठलं ते आधी विचारा. भाज्यांवरची ग्रेव्हीही बहुतेकदा मांसाच्या रसाची असते. खजुराच्या स्टिकी टॉफी पुडिंगमध्ये अंडं असतं. केंडल मिंट केक (नावाला केक, खरं तर साखरेची वडी) मात्र निर्धास्त खा, तो साखर, ग्लुकोज, पाणी आणि पुदिन्याचं तेल एवढ्याचाच. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तो नेला होता.

ग्रासमियरच्या चर्चशेजारी 1854 पासूनचं जिंजरब्रेड, म्हणजे आल्याचा बिस्किटासारखा गोड पदार्थ, मिळतं. दुकान खोलीएवढं आणि बाहेर रांग, म्हणून सकाळीच जा. सप्टेंबरात लिथ खोऱ्यातली डॅमसन, म्हणजे आंबट जांभळी आलुबुखार, दिसली तर जॅमची बाटली जरूर घ्या. कच्ची चघळायला ती फार तुरट लागतात.