रोज सकाळी सकारात्मक वाक्यं म्हणतो, ध्येयं वहीत लिहितो, तरी काहीच बदलत नाही. माझं काय चुकतंय?

ध्येय कोणतं ते तुम्ही सांगितलेलंच नाही, त्यामुळे नेमकं काय चुकतंय ते मला सांगता यायचं नाही. पण आरशासमोर उभं राहून ‘मी यशस्वी आहे’ म्हणायचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. कारण आमचे भावजी.

भावजी म्हणजे ताईचे यजमान. माणूस लाखात एक, पण कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्यापासून त्यांनी घरातल्या प्रत्येकाचे विचार दुरुस्त करायला घेतले. मी तेव्हा नोकरी सांभाळून बढतीच्या खातेपरीक्षेचा अभ्यास करत होते. ते म्हणाले, ‘निकालाच्या यादीत स्वतःचं नाव बघ, रोज डोळे मिटून बघ.’ बघितलं. इतकं समाधान वाटलं की त्या रात्री पुस्तक उघडावंसंच वाटलं नाही.

मग मी माझ्या पद्धतीने बसले. वहीचं पान मधोमध दुमडलं. डावीकडे ‘परीक्षा पास’ असलं काही नाही, तर ‘जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न, घड्याळ लावून, रोज’. उजवीकडे आडवं काय काय येणार ते. सगळ्यात वर: रात्रीची आवराआवर झाली की दिवाणावर जरा टेकते आणि थेट सकाळी उठते. त्याखाली उपाय लिहिला: ओट्यावरचं फडकं वाळत टाकलं की दिवाणाकडे फिरकायचं नाही, तिथेच स्टुलावर बसून प्रश्न उघडायचा. स्टूल मुद्दाम बिनपाठीचं निवडलं.

भावजींनी ते पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ‘अगं, अडचणी लिहिल्यास म्हणजे त्यांना आमंत्रणच दिलंस! इतकी कशी निगेटिव्ह तू?’ पाठोपाठ येल विद्यापीठाची गोष्ट. १९५३च्या बॅचमधल्या फक्त ३ टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली होती आणि २० वर्षांनी त्यांची मिळकत उरलेल्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त भरली. तुमच्याही कानावर आली असेल. असा अभ्यास कधी झालाच नाही. ज्यांनी खोदून पाहिलं त्यांच्या हाती काहीही लागलं नाही, तरी शिबिरांतून ती अजून छातीठोकपणे सांगतात.

खरोखर झालेले अभ्यास भावजींना आवडणार नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी वजन उतरवायला आलेल्या बायकांचा पाठपुरावा केला होता, तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची स्वप्नं जास्त गुलाबी, त्यांचं वजन कमी उतरलं. जोअॅन वुड यांच्या २००९च्या प्रयोगात तर ज्यांना मुळात स्वतःबद्दल फारसं बरं वाटत नव्हतं, त्यांना स्वतःविषयी चांगलं वाक्य घोकून आणखीच वाईट वाटलं. तुमचं सकाळचं वाक्य म्हणताना आतून कोणी ‘खोटं!’ म्हणत असेल, तर आजच बंद करा. आणि माझ्या स्टुलाचं म्हणाल, तर ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधीच ठरवून ठेवण्याचा फायदा पीटर गोल्वित्झर यांनी कितीतरी प्रयोगांतून दाखवलाय. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं, फक्त माझा दिवाण ठाऊक होता.

पास झाले. संध्याकाळी भावजींचा फोन: ‘बघितलंस? सकारात्मक विचारांची ताकद!’

आता त्यांच्या बाजूचं थोडं. ओटिंगेन यांच्याच अभ्यासात ‘आपल्याला जमेल’ असा भरवसा असलेल्या बायकांचं वजन जास्त उतरलं होतं. भरवसा वेगळा, दिवास्वप्न वेगळं. ध्येय लिहिण्यालाही माझा विरोध नाही. सवय २१ दिवसांत लागते हेही डोक्यातून काढा. लंडनमधल्या २०१०च्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा आला, कोणाला १८ पुरले तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. तुम्ही किती दिवस करताय ते लिहिलेलं नाही. आणि सकाळी अंथरुणातून उठणंच जड जात असेल, कशातच मन लागत नसेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. तिथे माझं स्टूलही उपयोगाचं नाही.

बाकी, अडचणी लिहिल्या म्हणून घरातलं कोणी निगेटिव्ह म्हणालं, तर परीक्षेला कोण बसणार आहे ते विचारा. मी विचारलं होतं. भावजींनी लगेच ताईला चष्मा कुठे ठेवलास म्हणून हाक मारली.