काळं शिंगरू घेताय? आधी डोळ्याभोवती बघा
भाऊ, येवल्याच्या घोडेबाजारात काळं शिंगरू बघून लगेच बयाणा देऊ नको, आधी त्याच्या डोळ्याभोवती पांढरे केस दिसतात का बघ, दिसले तर ते सब्जा होणार म्हणजे दरवर्षी फिकं पडत ६-१० वर्षांत जवळपास पांढरं. आईबापापैकी एक तरी सब्जा असल्याशिवाय हे होत नाही, म्हणून घोडी बघच (बाप कोण ते मालक काहीही सांगतो). ह्याचं कारण एसटीएक्स१७ नावाच्या जीनमधला बदल, तो २००८ ला सापडला. नुकरा वेगळा बरं का, तो जन्मतःच पांढरा न कातडी गुलाबी, सब्जाची कातडी काळीच राहते. आणि सब्जा म्हातारा झाला की बहुतेकदा शेपटीखाली गाठी येतात, तिथं हात फिरवत जा.