सरावात पळणारे पाय मॅचमध्ये का खिळतात?

प्रतापनगरातली एक आई बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. टेबल टेनिसचं दुसरं वर्ष, रोज दोन तास सराव. तक्रार एकच: "क्लबात तर मस्त खेळते ना जी, मॅचमध्ये पायच उचलून नाही राहिली. घाबरते का हो?" पालक हा प्रश्न नेहमी विचारतात. उत्तर बहुधा भीतीत नसतं.

मॅचचा मोबाइलवरचा व्हिडिओ संथ करून पाहिला. फोरहँड (बॅटच्या हाताच्या बाजूचा फटका) मारला की मुलगी जागीच उभी राहून आपला बॉल कुठे पडतो ते बघायची. टाचा टेकलेल्या, गुडघे ताठ. पुढचा बॉल बॅकहँडला, म्हणजे दुसऱ्या बाजूला आला की पाय सरकण्याऐवजी कंबर झुकायची आणि हात लांब व्हायचा. टेबल जेमतेम 1.525 मीटर रुंद, त्यामुळे हात पोचतोही. पण टॉपस्पिनसाठी, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेची फिरकी देण्यासाठी, हात फिरवायला जागा उरत नाही आणि बॉल नेटमध्ये जातो.

सरावाची वही चाळली तर सगळे ड्रिल ठरलेले: दोन बॅकहँडला, दोन फोरहँडला, पुन्हा तेच. पायांना क्रम पाठ झालेला, बॉल बघायची गरजच नव्हती. त्यात आई कठड्यावरून "पाय हलव!" ओरडायची. नेमकं त्याच वेळी मुलीचं लक्ष समोरच्या बॅटवरून स्वतःच्या पायांवर यायचं. (ओरडणं पहिल्याच आठवड्यात बंद केलं. ते आईला फार जड गेलं.)

प्रशिक्षकांशी बोलून फाल्केनबर्ग ड्रिल ठेवलं, पण नव्यानं बसवलं. हे नाव स्वीडनमधल्या गावावरून आलं. 1971 चा जगज्जेता स्टेलान बेंग्टसन तिथलाच. उजव्या हाताच्या खेळाडूनं डाव्या कोपऱ्यातून एक बॅकहँड मारायचा, त्याच कोपऱ्यात बाजूला सरकून फोरहँड, मग उजवीकडे धावून लांबचा फोरहँड. ड्रिल तीन फटक्यांचं म्हणतात, खरी परीक्षा मात्र चौथ्या हालचालीची, म्हणजे परत डाव्या कोपऱ्यात येण्याची. हिची गाडी तिथेच अडकायची. मल्टीबॉल देणाऱ्याला, म्हणजे एकामागून एक बॉल टाकणाऱ्याला, घाई असते. बॉल भराभर टाकले की मूल पाय सोडून हातावर येतं. म्हणून एका सेटला 18 बॉल, असे 5 सेट, मध्ये एक मिनिट विश्रांती. वेग इतकाच की परत कोपऱ्यात पोचल्यावरच पुढचा बॉल पडावा.

दोन आठवड्यांनी क्रम मोडला: दोन बॅकहँड ठरलेले, तिसरा कुठेही. समोरच्याची बॅट बॉलला लागताना पायांच्या चवड्यांवर छोटीशी उडी घ्यायची, दिशा नंतर ठरवायची. उडी आधी घेतली तर पाय जमिनीवर येऊन पुन्हा थंड पडतात. सुरुवातीचे चार-पाच दिवस चुका वाढणार हे मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर "मी बिघडले" म्हणून ती जुन्या ड्रिलकडे पळाली असती.

मे महिन्याचं वेगळंच. हॉलमध्ये कूलर सुरू असला की दमट हवेनं बॅटच्या रबरवर ओल धरते, बॉल घसरतो आणि स्ट्रोक चुकला असं वाटतं. 2.7 ग्रॅमचा बॉल कूलरच्या झोतानंही वळतो. कूलरचं तोंड टेबलाकडून फिरवायचं, दर गेमला रबर कोरड्या कापडानं पुसायचं, आणि त्या दिवशीच्या चुकांवरून पायांची परीक्षा घ्यायची नाही.

आईला आता वेगळं काम आहे. प्रत्येक गेमच्या पहिल्या 10 गुणांत फटका मारल्यावर मुलगी किती वेळा पुन्हा तयारीत उभी राहिली, एवढंच वहीत लिहायचं. गुण गेला की मिळाला, ते नाही. पहिल्या नोंदीत 2 होते, सहाव्या आठवड्यात 6. लांबच्या फोरहँडला अजून उशीर होतो. तिथे नुसतं सरकून भागत नाही. उजवा पाय किंचित बाजूला टाकून डावा पुढून ओलांडावा लागतो, आणि ती पावलं सध्या बॉलशिवायच चालू आहेत.