टेक्सासमधल्या तळ्यांत बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवायला कुठली रबरी अळी, म्हणजे खोटं आमिष, घ्यावी? गरी सारखी पाणगवतात अडकते, त्यावर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गावी खाडीवर कोळंबी लावून गरवायचात, आता डॅलसजवळ राहता, दुकानात रबरी अळ्यांनी भरलेली अख्खी भिंत बघून डोकं चक्रावलं, आणि जी अळी घेतली तिला मासा लागणं राहिलं बाजूला, दर दुसऱ्या फेकीला गवताचा पुंजका वर येतो. मी याच भागात बरीच वर्षं बास गरवतोय. भिंतीवरचे नव्वद टक्के रंग गिऱ्हाईक गरवायला असतात, त्यांचं नंतर बघू. आधी हे पक्कं करा की रबरी अळी बास खातो ती बहुतेक वेळा खाली बुडत असताना. त्यामुळे ती किती वेगाने बुडते आणि त्या वेळी तुमची नजर कुठे आहे, यावर सगळा खेळ आहे.

खाडीत कोळंबीला वास असतो. ती तळाशी पडून राहिली तरी शेंगाळा माग काढत येतो. बास सहसा असा हुडकत येत नाही. गवताच्या कडेला, बुडालेल्या झाडाखाली, धक्क्याच्या खांबाला चिकटून तो दबा धरून असतो आणि टप्प्यात आलेल्या जिनसावर झडप घालतो. स्वभाव म्हणाल तर जिताड्याच्या जवळचा. जबडा उघडला की पाण्यासकट आमिष आत ओढतो, आणि काही खटकलं तर तितक्याच झटक्यात थुंकून टाकतो. तुमच्या हातात असतात ते एक-दोन क्षण.

सुरुवातीला दोन पाकिटं पुरेत. एक म्हणजे पाच इंची, जाडसर, सरळ काडीसारखी अळी. गॅरी यामामोटोच्या कंपनीची 'सेन्को' ही यातली मूळची, आता सगळ्याच कंपन्या तशी काढतात. तिच्या प्लास्टिकात मीठ मिसळलेलं असतं, म्हणून ती जड होते आणि शिसं न लावताही आडवी, दोन्ही टोकं थरथरवत सावकाश बुडते. दुसरी सहा-सात इंची, लांब लवलवत्या शेपटीची. रंग दोनच: पाणी निवळ असेल तर 'ग्रीन पम्पकिन', म्हणजे शेवाळी हिरव्यावर काळे ठिपके, आणि पावसानंतर गढूळ झालं असेल तर काळा-निळा. गढुळात माशाला रंग काय दिसणार, पण गडद आकार दिसतो.

जाता जाता, ही वस्तू तशी तुमच्या शेजारचीच. निक क्रीम नावाच्या गृहस्थाने 1949 मध्ये ओहायोतल्या अॅक्रनला घरच्या स्वयंपाकघरात मऊ प्लास्टिकची अळी ओतून केली, आणि पुढे धंदा वाढल्यावर टेक्सासात टायलरला आला. टायलर डॅलसच्या पूर्वेला, गाडीने दीडेक तासावर.

आता गवताचं. तुमची गरी अडकते कारण तिचं टोक उघडं आहे. यावर इथला जुना उपाय म्हणजे 'टेक्सास रिग' (रिग म्हणजे वजन, गरी आणि आमिष जोडायची पद्धत). बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं, मधून भोक असलेलं वजन घ्या, त्याचं निमुळतं तोंड रॉडच्या बाजूला ठेवून दोरी ओवा. मग 3/0 मापाची 'ऑफसेट' गरी बांधा, म्हणजे डोळ्याजवळ (दोरी बांधायच्या भोकाजवळ) पायरीसारखी वळलेली. गरीचं टोक अळीच्या डोक्यात मधोमध टोचा, पाव इंच आत नेऊन बगलेतून बाहेर काढा. डोकं वर सरकवून गरीच्या त्या पायरीवर बसवा आणि गरी फिरवून टोक अळीकडे करा. आता लगेच टोचू नका. अळी सरळ लटकू द्या आणि गरीचा बाक तिच्या अंगावर जिथे येतो तिथे अंगठ्याच्या नखाने खूण करा. त्याच जागी आरपार टोचा. टोक पाठीवर सपाट टेकलं की प्लास्टिकच्या वरच्या सालीत जेमतेम लपवा. शेवटी रॉड उंच धरून अळी डोळ्यांसमोर आणा. कुठे चुणी पडली असेल, अंग वाकडं झालं असेल तर परत काढून लावा, आळस करू नका. वाकडी अळी पाण्यात गरगर फिरते, दोरीला पीळ पडतो, आणि बास तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

वजन 1/8, 3/16 आणि 1/4 औंस, एवढी तीनच मापं जवळ ठेवा. चार-पाच फूट पाणी आणि विरळ गवत असेल तर सगळ्यात हलकं. वारा असला, पाणी खोल असलं किंवा गवत दाट असलं तर 1/4. दाट गवतात वजन आणि अळी एकमेकांपासून सुटी होतात, वजन खाली जातं आणि अळी वर लटकते. त्यासाठी रबराचा छोटा अडसर मिळतो, तो दोरीवर वजनाला लागून रॉडच्या बाजूला सरकवा. नसेल तर भोकात टूथपिक खुपसून वरचा भाग मोडून टाका. मासा लागत नसेल तेव्हा मी रंग बदलण्याआधी वजन बदलतो.

फेक गवताच्या मधोमध नको, कडेला लागून हवी. अळी पाण्याला टेकली की लगेच रीळ फिरवायचा मोह होतो, तो आवरा. दोरी किंचित ढिली सोडा आणि ती पाण्यात शिरते त्या बिंदूवर नजर ठेवा. दोरी टचकन उडाली, बाजूला चालू लागली, किंवा तळ यायच्या आधीच थांबली, तर तिकडे मासा आहे. हाताला कधी बारीक टकटक जाणवते, कधी नुसतं ओलं फडकं लटकल्यासारखं जड लागतं, तर कधी काहीच कळत नाही आणि दोरीच तेवढी सांगते. अशा वेळी रॉड खाली करा, ढील गुंडाळा आणि सणसणीत झटका द्या. गरीला आधी प्लास्टिक फाडायचंय, मग जबडा, म्हणून खाडीवरचा हलका हिसका इथे चालत नाही. याच कारणाने रॉड सात फुटी 'मीडियम हेवी' (जरा ताठ) आणि दोरी 12 ते 15 पौंडांची फ्लुरोकार्बन बरी. साधी तंगुसाची दोरी ताणते, झटका अर्ध्या वाटेतच संपतो.

तळापर्यंत काही झालं नाही तर रॉडचं टोक सावकाश फूटभर उचला आणि अळी पुन्हा पडू द्या. असं तीन-चारदा करून गुंडाळा आणि दोन हात सरकून पुढची फेक टाका. अळी नाचवायची गरज नाही.

उघड्या पाण्याची, गवत नसलेली लहान तळी असतील (सोसायट्यांमागे असतात ती) तर सेन्कोला मधोमध रबरी कडी चढवा आणि 1/0 किंवा 2/0 ची गरी कडीखालून घाला. याला 'वॅकी रिग' म्हणतात. दिसायला वेडगळच, पण वजन न लावता अशी सोडली की नवख्याला पहिला बास बहुधा हिच्यावरच लागतो. कडी न लावता थेट टोचली तर एक-दोन माशांत अळी फाटते. फाटलेली अळी पाण्यात टाकू नका, खिशात घाला. ती कुजत नाही आणि मासे गिळतात. उरलेल्या अळ्या मूळ पाकिटातच ठेवा. कडक प्लास्टिकच्या डब्यात वेगवेगळ्या जातीच्या एकत्र कोंबल्या तर उन्हाळ्यात गाडीत विरघळून चिकट गोळा होतो, कधी डबाही खराब होतो.

खायचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोकणातले आहात म्हणून सांगतो. बास खाता येतो, पांढरा आणि सौम्य असतो. मी मात्र तो सोडून देतो. तळायला क्रॅपी (इथल्याच तळ्यांतला एक लहान मासा) आणि रश्शाला कॅटफिश जास्त चांगले. मोठ्या बासच्या अंगात पाराही साठतो, टेक्सासच्या पूर्व सीमेवरच्या कॅडो लेक या तळ्याबद्दल तर सरकारी सूचनाच आहे. ठेवायचाच असेल तर टेक्सासात सर्वसाधारण नियम किमान 14 इंच आणि दिवसाला पाच असा आहे, पण तळ्यागणिक फरक असतो. पूर्व टेक्सासातल्या लेक फोर्क या तळ्यावर 16 ते 24 इंचांमधला बास सोडावाच लागतो. निघण्याआधी पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या अॅपवर त्या तळ्याचं नाव टाकून बघा. सोडताना हात ओले करून धरा. मोठा मासा नुसता जबड्याला लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या.

लायसन्स 17 आणि त्यापुढच्या वयाच्या जवळजवळ सगळ्यांना लागतं, आणि रहिवाशांच्या स्वस्त दराने हवं तर टेक्सासात सलग सहा महिने राहिलेलं असावं लागतं. तुमचे ते झाले नसतील तर तोवर एखादं तळं असलेलं स्टेट पार्क गाठा, आतल्या काठावरून गरवायला लायसन्स लागत नाही, फक्त प्रवेशाचे पैसे. उभं राहण्याआधी पायाखाली लाल मुंग्यांचं वारूळ नाही ना, एवढं बघा.